बेंचवरचं पोरगं प्लेऑफमध्ये अचानक चमकलं तर ती मॅच परत कशी बघायची

असं दर एक-दोन वर्षांनी होतंच. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) चालू असतात, दोन टीममधली सात मॅचपर्यंत चालणारी सिरीज अडकलेली असते, एखादा मोठा प्लेअर लंगडत आत गेलेला असतो, आणि कोच बेंचच्या पार टोकाला बघतो. तिथून एक पोरगं उठतं, वॉर्मअपचा शर्ट डोक्यावरून काढतं, सीझनभर कॅमेऱ्यात दिसलं असेल तर ते फक्त टाळ्या वाजवताना आणि टॉवेल फिरवताना. तासाभराने त्याच्या नावापुढे वीस-पंचवीस पॉइंट असतात. मग रात्रभर क्लिपा फिरतात आणि लोकांच्या दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते हा पुढचा स्टार, दुसरी म्हणते तुक्का लागला, पुढच्या मॅचला बघा.

मी दोन्ही पार्ट्यांमध्ये राहिलोय आणि दोन्हीकडे तोंडघशी पडलोय, त्यामुळे आता वेगळं करतो. ती मॅच परत बघतो, पण बघताना पोराने काय घेतलं ह्यापेक्षा समोरच्या टीमने त्याला काय काय दिलं ते बघतो. कारण असल्या मॅचमध्ये निम्मी गोष्ट त्या पोराची असते आणि निम्मी समोरच्या कोचची, ज्याने आधीच ठरवलेलं असतं की बाकी चौघांना अडवायचं, ह्याने मारले तर मारू दे. तर हे कसं बघायचं, कुठे पॉज करायचं, कागदावर काय टिपायचं, हे सांगतो. एक वही आणि पेन घ्या, मोबाईलच्या नोट्समध्ये करू नका, मी करून बघितलंय, मॅच बघायची सोडून टायपिंगच होतं.

आधी एक खात्री करा की पोरगं खरंच बेंचवरचं होतं का. हा विषय निघाला की कोणीतरी मॅजिक जॉन्सनची १९८० च्या फायनलची सहावी मॅच काढतोच, टीमचा मोठा प्लेअर करीम अब्दुल-जब्बारचा घोटा दुखावलेला म्हणून रुकी (लीगमधलं पहिलंच वर्ष) मॅजिक त्याच्या जागी सेंटरला उभा राहिला आणि ४२ पॉइंट, १५ रिबाउंड, ७ असिस्ट काढले. भारी आहेच, पण तो ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात तिथे) पहिल्या नंबरवर उचललेला आणि सीझनभर मेन टीममध्ये खेळलेला प्लेअर होता राव. तसंच टायलर हिरोचं, २०२० मध्ये त्याने बॉस्टनला ३७ मारले तेव्हा तो रुकी होता, बेंचवरून यायचा, पण मिनिटं भरपूर मिळायची, समोरच्यांना तो चांगलाच माहीत होता. आपण बोलतोय ते दुसऱ्याच जातीच्या पोरांबद्दल.

हे तपासायला सीझनची सरासरी मिनिटं बघून थांबू नका, तिथे फसगत होते. सरासरी फक्त खेळलेल्या मॅचवर काढतात, ज्या मॅचला पोरगं पूर्णवेळ बसून होतं ती त्यात धरतच नाहीत. म्हणजे सरासरी १४ मिनिटं दिसते आणि प्रत्यक्षात मार्च-एप्रिलमध्ये निम्म्या मॅचला त्याच्या नावापुढे डीएनपी लिहिलेलं असतं, म्हणजे कोचने खेळवलंच नाही. शेवटच्या महिन्याचे बॉक्स स्कोअर, म्हणजे प्रत्येक मॅचचे प्लेअरवार आकड्यांचे तक्ते, एकेक उघडा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि प्लेऑफमध्ये ह्यांना जागा का नसते त्याचा साधा हिशोब आहे. मॅच ४८ मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २४० मिनिटं. सीझनमध्ये ती नऊ-दहा जणांत वाटली जातात. प्लेऑफमध्ये मध्ये सहसा एखादा तरी दिवस सुट्टी असते, त्यामुळे मेन पाच जण चाळीस-चाळीस मिनिटं खेळू शकतात, तिथेच २०० संपली. उरलेल्या चाळीसमध्ये सहावा, सातवा, आठवा. नवव्याला काय राहिलं? त्यामुळे नववा-दहावा पोरगा अचानक २५ मिनिटं खेळला ह्याचा अर्थ कुठेतरी काहीतरी मोडलेलं आहे.

ते काय मोडलं हे शोधणं हे दुसरं काम. माझ्या वहीत चारच कारणं असतात: कोणीतरी जखमी, कोणीतरी फाउलमध्ये अडकलाय (सहा झाले की बाहेर, त्यामुळे दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिसरा पडला की कोच घाबरून उठवतो), मॅचअप (कोणासमोर कोण) जमत नाही म्हणून कोचने डाव बदललाय, किंवा मॅच संपल्यातच जमा आहे. चौथं कारण असेल तर वही बंद करा. प्ले-बाय-प्ले, म्हणजे मॅचची क्रमाने लिहिलेली नोंद, उघडून बघा पोरगं आत आलं तेव्हा स्कोअर काय होता आणि समोर कोण उभं होतं. तीस पॉइंटचा फरक असताना समोरच्याही बेंचसमोर मारलेल्या बारा पॉइंटांवर मी एकदा मित्राशी अर्धा तास भांडलोय, त्याने शेवटी नुसता स्कोअर दाखवला आणि मी गप्प. तिसरं कारण असेल तर मात्र नीट लक्ष द्या, कारण तिथे कोचने मुद्दाम ह्यालाच निवडलेलं असतं, म्हणजे त्याला प्रॅक्टिसमध्ये काहीतरी दिसलेलं असतं.

आता मॅच लावा. पोरगं आत येतं तिथून पुढची दोन-तीन मिनिटं थोडी बारकाईने बघा. मी स्वतः कॉलेजच्या टीममध्ये बारावा होतो, म्हणजे बाटल्या सांभाळणारा. एका मॅचला आमचे दोघं फाउल आउट झाले आणि सरांनी मला ढकललं. सव्वा तास बसून पाय लाकडासारखे झालेले, पहिलाच पास आला, मी एकदम मोकळा, शॉट मारला तो रिंगला नाही, बोर्डला नाही, थेट पलीकडे बसलेल्यांच्या अंगावर. तेव्हापासून मला बेंचवरून आलेल्या पोराचा पहिला टच बघायची सवयच लागली. बॉल हातात यायच्या आधी त्याचे पाय तयार आहेत का, गुडघे वाकलेत का, की बॉल आल्यावर मग तो विचार करतोय. बॉल आल्यावर विचार करणारा पोरगा एनबीएत अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि तेवढ्यात समोरचा हात तोंडावर आलेला असतो. पहिला शॉट चुकला तरी हरकत नाही. दुसरा मोकळा मिळाल्यावर तो मारतो की टाळून पास देतो, हे टिपा. चुकल्यावरही लगेच परत मारणारा पोरगा कोचला आवडतो, टाळणारा पुढच्या टाइमआउटला बसतो.

ह्यानंतर मेन काम, आणि इथे घाई करू नका. मॅचचा तो भाग परत लावा आणि बॉलकडे बघणं बंद करा. पोराला ज्याने गार्ड करायचंय त्या माणसाच्या पायांकडे बघा. तो किती लांब उभा आहे? पोरगं कॉर्नरला (कोर्टच्या कोपऱ्यात) असेल आणि त्याचा माणूस पार पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत) एक पाय टाकून उभा असेल, तर समोरच्या टीमचा निरोप स्पष्ट आहे, तू मार बाबा. कॉर्नरचा थ्री (लाइनबाहेरून मारलेला तीन पॉइंटांचा शॉट) सगळ्यात जवळचा असतो हे लक्षात ठेवा, रिंगपासून ६.७० मीटर, वरच्या बाजूला तीच लाइन ७.२४ ला जाते. म्हणून नवशिक्याला बहुतेक वेळा कॉर्नरलाच उभं करतात, जवळ पण आणि अडगळीतून बाहेर पण. प्रत्येक पझेशनला, म्हणजे टीमकडे बॉल आला की दर वेळी, मी वहीत फक्त एक अक्षर लिहितो, 'ल' म्हणजे लांब, 'ज' म्हणजे जवळ. पहिल्या हाफमध्ये सगळी ल-ल-ल आणि चौथ्या क्वार्टरमध्ये ज-ज दिसायला लागली की समजायचं समोरच्यांनी दखल घेतली. शेवटपर्यंत ल-ल राहिली तर समोरचा कोच अजूनही त्याच सट्ट्यावर ठाम आहे.

ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २००७ च्या ईस्ट फायनलमधलं (लीगच्या पूर्व गटाची फायनल), क्लीव्हलँड विरुद्ध डेट्रॉइट. पाचव्या मॅचला क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने ४८ मारले होते, डबल ओव्हरटाइममध्ये, टीमचे शेवटचे २५ पॉइंट सलग एकट्याचे. आता तुम्ही डेट्रॉइटचे कोच असता तर सहाव्या मॅचला काय केलं असतं? तेच जे त्यांनी केलं. लेब्रॉनकडे बॉल गेला की दोघं-तिघं त्याच्यावर. आणि मग डॅनियल गिब्सन नावाचा रुकी, दुसऱ्या राउंडमध्ये ४२ व्या नंबरवर उचललेला, सीझनला साडेचार पॉइंटांच्या आसपास सरासरी, टीममधल्या लॅरी ह्यूजचा पाय दुखावला म्हणून जास्त मिनिटं मिळालेली, तो थ्रीच्या लाइनवर मोकळाच उभा. पाचपैकी पाच थ्री. एकूण ३१, त्यातले १९ चौथ्या क्वार्टरमध्ये. तीन क्वार्टरनंतर ६७-६६ असलेली मॅच ९८-८२ ने संपली आणि क्लीव्हलँड पहिल्यांदा फायनलला गेलं.

लोकांना ते पाच थ्री आठवतात. पण बॉक्स स्कोअरमध्ये त्याच्याच शेजारी एक आकडा आहे जो मला जास्त बोलका वाटतो, १५ पैकी १२ फ्री थ्रो (समोरच्याने फाउल केला की मिळणारे, कोणी न अडवता मारायचे शॉट). लाइनवर मोकळं उभं राहून कोणी पंधरा फ्री थ्रो मिळवत नाही, त्यासाठी बॉल घेऊन आत घुसावं लागतं, अंगावर घ्यावं लागतं. म्हणजे पहिले थ्री पडल्यावर डिफेन्सवाले धावत यायला लागले आणि पोरगं त्यांना चुकवून आत शिरायला लागलं. आणि हे काही आकाशातून पडलं नव्हतं, त्याच सिरीजच्या चौथ्या मॅचला त्याने २१ काढले होते. म्हणून सांगतो, आधीच्या दोन-तीन मॅचचे आकडेही एकदा चाळा, बऱ्याचदा खूण आधीच दिसलेली असते आणि आपण लेब्रॉनकडे बघत असतो.

तर आता शॉटांची वाटणी करा. वहीत पाच रकाने: पास आला आणि लगेच मारला, कट करून (बॉलशिवाय रिंगकडे पळत जाऊन) रिंगखाली मारला, फास्ट ब्रेक (डिफेन्स परतायच्या आत पळून), स्वतः ड्रिबल करून तयार केला, आणि फ्री थ्रो. प्रत्येक बास्केट कुठल्यातरी एका रकान्यात टाका, चुकलेले शॉटसुद्धा टाका, तेच लोक विसरतात.

रकाने भरल्यावर प्रत्येकापुढे एक प्रश्न: हे बंद करायला समोरच्यांना काय मोजावं लागेल? माझ्या मते सगळा निकाल ह्या एका प्रश्नावर आहे. २०२३ च्या फायनलची तिसरी मॅच घ्या, डेन्व्हर आणि मायामी. क्रिस्टियन ब्राउन, रुकी, त्याच्या आदल्या वर्षी कॉलेजचं टायटल जिंकून आलेला, सीझनमध्ये पंधराएक मिनिटं खेळणारा. १९ मिनिटांत १५ पॉइंट, आठपैकी सात, आणि त्यात थ्री एकही नाही. सगळं रिंगजवळ, कट मारून किंवा पळून. त्याच रात्री डेन्व्हरचे स्टार निकोला योकिच आणि जमाल मरे दोघांनी तीस-तीसच्या वर पॉइंट आणि ट्रिपल डबल (पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहा किंवा जास्त) काढलेले, त्यामुळे हेडलाइन त्यांची झाली, बरोबरच आहे. पण मॅच परत लावा आणि ब्राउनच्या माणसाचं डोकं बघा, नुसतं डोकं. योकिचकडे बॉल आहे तोवर मान तिकडे वळलेली, कारण योकिचपासून नजर काढायची कोणाची छाती नाही, आणि ज्या क्षणी मान वळली त्या क्षणी ब्राउन पाठीमागून रिंगकडे सुटलेला. हे बंद करायचं तर योकिचकडे बघणं कमी करावं लागेल. परवडेल? नाही परवडणार. म्हणून कट आणि पळण्यावर आलेले पॉइंट मी पक्के धरतो, त्यात त्या पोराचा हात गरम असण्याचा संबंधच नाही, त्यात डोळे उघडे ठेवणं आणि पाय हलवणं आहे, आणि ते पुढच्या मॅचलाही जमतं.

ह्याचंच पुढचं टोक म्हणजे ज्यातून बाहेर पडायला समोरच्यांना जागाच उरत नाही अशी मॅच. टेरेन्स मॅन २०२१ मध्ये रुकी नव्हता, दुसरं वर्ष होतं, पण उदाहरण इतकं चोख आहे की घेतोच. टीमचा स्टार काव्हाय लेनर्ड जखमी, मॅनची टीम क्लिपर्स युटाविरुद्ध सहाव्या मॅचला २५ ने मागे. क्लिपर्सनी पाचही छोटे, शूट करणारे प्लेअर उभे केलेले आणि युटाचा रुडी गोबेर, त्याच वर्षी तिसऱ्यांदा बेस्ट डिफेंडरचा मान मिळवलेला, तो रिंग सांभाळायची म्हणून आत थांबायचा. कॉर्नरला मॅन मोकळा. ३९ पॉइंट, दहापैकी सात थ्री, तिसऱ्या क्वार्टरमध्येच २०. मॅच १३१-११९ क्लिपर्सची. गोबेर बाहेर धावला तर रिंग उघडी, आत थांबला तर मॅन उघडा, आणि गोबेरला बसवला तर युटाचा अख्खा डिफेन्स ज्या खांबावर उभा आहे तोच काढल्यासारखं. ही मॅच बघताना मॅनकडे एकदा बघा आणि गोबेरकडे तीनदा, काय म्हणतोय ते कळेल.

आता तुक्का पार्टीसाठी थोडं गणित, घाबरू नका, सोपं आहे. २०२० मध्ये लू डॉर्ट, ओक्लाहोमा सिटीचा रुकी. ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नव्हता. टू-वे कॉन्ट्रॅक्टवर आलेला, म्हणजे अर्धा वेळ एनबीएखालच्या जी लीगमध्ये, आणि टू-वेवाल्याला प्लेऑफ खेळताच येत नाही, त्यासाठी टीमला आधी नेहमीचं कॉन्ट्रॅक्ट द्यावं लागतं, ते त्याला जूनमध्ये मिळालं. (हे पण तपासायची सवय लावा. एखाद्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट सीझनच्या शेवटी बदललं असेल तर टीमच्या डोक्यात काय चाललंय ते तिथेच कळतं.) प्लेऑफपर्यंत तो मेन पाचात आला होता, पण ते डिफेन्ससाठी, ह्यूस्टनचा स्टार जेम्स हार्डनला चिकटण्यासाठी. ऑफेन्समध्ये ह्यूस्टनने त्याला हिशोबातच धरलं नव्हतं, त्याचा माणूस लांब, जा मार. पाचव्या मॅचला त्याने नऊ थ्री मारले, नऊच्या नऊ चुकले. सातव्या मॅचला, म्हणजे हरलो तर घरी, त्याने बारा मारले, सहा पडले, एकूण ३० पॉइंट.

सगळे म्हणाले चमत्कार. आता त्या सीझनला त्याचे थ्री शंभरात तीसच्या आसपास पडत होते असं धरून कागदावर मांडा. असा माणूस बारा थ्री मारत असेल तर सहा किंवा जास्त पडणं साधारण आठ-नऊ रात्रींतून एकदा होणारच. आणि नऊच्या नऊ चुकणं? ते पंचवीस रात्रींतून एकदा. म्हणजे दोन्हीपैकी जास्त दुर्मिळ रात्र पाचव्या मॅचची होती, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही! गिब्सनच्या पाचपैकी पाचला हेच लावा, शंभरात चाळीस पाडणारा माणूस धरला तरी शंभरात एकदा, म्हणजे ती खरी अवचित गोष्ट होती. हे गणित करायचं एवढ्यासाठी की थ्रीच्या रकान्यातल्या पॉइंटांवर किती भरवसा ठेवायचा ते समजतं. माझं उत्तर, कमी ठेवा. शॉट किती पडले त्यापेक्षा किती मिळाले आणि त्याने किती बिनधास्त मारले हे जास्त सांगून जातं. नऊ चुकल्यावर दोन मॅचनंतर परत बारा मारायला काळीज लागतं, आणि कोचचा पण तेवढा विश्वास लागतो.

डिफेन्सचं आता. ह्यावर लोक बोलतच नाहीत आणि प्लेऑफमध्ये पोरगं कोर्टवर टिकणार की नाही हे इथेच ठरतं. प्लेऑफमध्ये समोरचा स्टार सरळ शिकार करतो. कोर्टवर सगळ्यात कच्चा डिफेंडर कोण ते हेरतो, त्याच्या माणसाला स्क्रीन लावायला (डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहायला) बोलावतो, स्विच होतो, म्हणजे डिफेंडर आपापली माणसं अदलाबदल करतात, आणि कच्चा पोरगा स्टारसमोर एकटा. बघायचं कसं तर, समोरची टीम ऑफेन्सला आली की पहिल्या पाच-सात सेकंदांत स्क्रीन कोण लावायला येतोय बघा. जर दर वेळी पोरगा ज्याला गार्ड करतोय तोच येत असेल तर ते पोराला खेचायला चाललंय. मग तीन गोष्टी टिपा: स्विच झाल्यावर तो सरळ पार झाला का, फाउल केला का, की निदान समोरच्याला अवघड शॉट मारायला लावला. शॉट पडला की नाही ते टिपू नका, त्यावर पोराचा ताबा नसतो. आणि एक, त्याचा माणूस शॉट मारायला गेला की पोरगा बॉक्स आउट करतो (माणसाला अंगाने रिंगपासून दूर रोखतो) की बॉलकडे बघत उभा राहतो. बॉलकडे बघणारे दोन पझेशनमध्ये बाहेर येतात, कोचला त्याचं पॉइंटांपेक्षा जास्त दुखतं.

कधी कधी सगळी मॅच एका डिफेन्सच्या पझेशनवर फिरते. नॉर्मन पॉवेल, टोरांटोचा रुकी, २०१६, इंडियानाविरुद्ध पाचवी मॅच. टोरांटो तीन क्वार्टरनंतर १३ ने मागे, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये २५-९. पॉवेलने पास मध्येच उचलला, एकटा पळाला आणि डंक मारून स्कोअर बरोबरीत आणला, बिल्डिंग हलली असेल असा आवाज. १०२-९९ ने जिंकले. त्या डंकची क्लिप सगळीकडे आहे पण ती डंकच्या तीन सेकंद आधीपासून बघा, पास सुटायच्या आधीच तो निघालेला आहे.

प्लस-मायनसचा, म्हणजे प्लेअर कोर्टवर असताना टीम किती पॉइंटांनी पुढे-मागे गेली त्या आकड्याचा, एक इशारा देऊन पुढे जातो. कोणीतरी येऊन सांगेल की पोरगा कोर्टवर होता तेव्हा टीम प्लस १८ होती. एका मॅचचा हा आकडा पोराबद्दल जवळपास काही सांगत नाही, शेजारी कोण होतं ते सांगतो. योकिचबरोबर सलग आठ मिनिटं तुम्हाला-मला उभं केलं तरी काहीतरी प्लस येईल, बरं, मला नाही येणार, पण तुम्हाला येईल.

आणि एक शॉट म्हणजे मॅच नव्हे. गॅरी नील, २०११, स्पर्सचा रुकी, तोही ड्राफ्ट न झालेला, युरोपात खेळून सव्विसाव्या वर्षी एनबीएत आलेला (बेंचवर मात्र सडला नव्हता, मिनिटं मिळत होती). मेम्फिसविरुद्ध पाचवी मॅच, १.७ सेकंद बाकी, तीनने मागे, बॉल घेतला, एक ड्रिबल, थ्री, बझर, बरोबरी. ओव्हरटाइममध्ये स्पर्स जिंकले. आणि पुढच्या मॅचला हरून बाहेर पडले, पहिल्या नंबरची टीम आठव्या नंबरकडून. शॉट काही त्यामुळे छोटा होत नाही. पण असल्या क्लिपवरून प्लेअर मोजायचा नाही, ती क्लिप वेगळी ठेवून द्यायची, कधी मूड खराब असला की लावायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नव्वद टक्के लोक करत नाहीत कारण तोवर त्यांचं भांडण करून झालेलं असतं. पुढची मॅच बघा. पूर्ण नाही जमली तर पोरगा आत आल्यापासूनची पहिली सहा मिनिटं. मधल्या एक-दोन दिवसांत समोरच्या कोचिंग स्टाफने त्या पोराच्या सगळ्या क्लिपा काढून बघितलेल्या असतात, त्याला कुठल्या हाताने ड्रिबल जमत नाही इथपर्यंत. त्यामुळे आता तीनपैकी काहीतरी दिसेल. एक, त्याला गार्ड करायला चांगला डिफेंडर दिलाय. दोन, डिफेंडर तोच आहे पण वहीत 'ल' ऐवजी 'ज' यायला लागलाय, पास निघाला की धावत अंगावर येतोय. तीन, काहीच बदललं नाही, म्हणजे ते म्हणतायत परत मारून दाखव.

पहिल्या दोन प्रकारांत पोराची खरी परीक्षा सुरू होते. धावत आलेल्या माणसाला शॉटची हूल देऊन एक ड्रिबल टाकून तो आत जातो का? आत गेल्यावर मोठा माणूस समोर आला की घाबरून वर फेकतो की कॉर्नरला पास काढतो? आणि त्याच्यामागे डिफेंडर धावतोय म्हणून त्याच्या टीमच्या स्टारला जास्त जागा मिळतेय का? शेवटचं मिळत असेल तर पोरगा चारच पॉइंट मारूनही कामाचा ठरतो, फक्त ते बॉक्स स्कोअरमध्ये कुठेच दिसणार नाही आणि तुक्का पार्टी "बघा, म्हटलं नव्हतं का" करत येईल. येऊ द्या. त्यांना विचारा त्याचा डिफेंडर कुठे उभा होता, उत्तर येणार नाही.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे परत मोकळं सोडलं तर, पोराने पुन्हा मारलेच पाहिजेत. पडोत न पडोत. मोकळं असून मारायचं टाळलं तर समोरचा कोच त्याच्या माणसाला कायमचा आत पाठवून देतो आणि मग तुमची टीम पाच जणांविरुद्ध चारच जणांनी खेळल्यासारखं होतं. एका चांगल्या मॅचनंतर लगेच पुढच्या मॅचला पोरगं बसलेलं दिसलं की लोक कोचला शिव्या घालतात, त्यात बऱ्याच वेळा हेच कारण असतं.

मॅच टीव्हीवर बघताना एक अडचण येते तीही सांगतो, कॅमेरा बॉलमागे जातो आणि पोरगं कॉर्नरला असेल तर फ्रेमच्या बाहेर. रिप्ले लावणारे पण बास्केटच दाखवतात. त्यामुळे पॉज शॉटला नाही, त्याच्या आधी पहिला पास सुटतो तिथे करा, त्या वेळी सहसा दहाही जण दिसतात. शॉट क्लॉक २४ चा असतो, साधारण १५-१६ वर आला की ऑफेन्स मांडून झालेला असतो, मी तिथे थांबवतो. एका मॅचला पोराची वीस-पंचवीस पझेशन्स अशी बघितली तर एक-दीड तास जातो. मान्य आहे, कामधंदा सोडून करायची गोष्ट आहे. पण सगळी करायची गरज नाही, चौथ्या क्वार्टरची दहा करा.

वही मात्र टाकू नका. मी डॉर्टच्या त्या सातव्या मॅचचं पान ठेवलंय. शॉटच्या रकान्यात डॉर्टचे सहा थ्री लाल पेनने गोल करून ठेवलेत, आणि खाली शेवटची ओळ, ४.८ सेकंद बाकी, एकचा फरक, डॉर्टचा शॉट हार्डनने ब्लॉक केला, ह्यूस्टन १०४-१०२. डिफेन्सच्या रकान्यात घाईत पेन्सिलने लिहिलेलं, हार्डन १५ पैकी ४, त्याला मी तेव्हा गोलसुद्धा केला नव्हता. तीस पॉइंटवाली रात्र सगळ्यांना आठवते, पण २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीने टायटल जिंकलं तेव्हा डॉर्ट त्या टीमच्या मेन पाचात होता आणि त्याच सीझनला लीगच्या पहिल्या ऑल-डिफेन्सिव्ह टीममध्ये त्याचं नाव आलं. पेन्सिलच्या ओळीला मी मग लाल गोल केला.